पैठणचा माल, भडोचचे बंदर
सातवाहनकालीन पाश्चात्त्य व्यापारातील राजसत्तेचा वाटा

प्राचीन महाराष्ट्र आणि रोमन साम्राज्य ह्यांच्या संबंधांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लेखनाचा रोख मालाच्या यादीकडे आणि उत्खननात सापडलेल्या वस्तूंकडे असतो. प्रस्तुत निबंधात एका निराळ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. पैठणचे सातवाहन राजे आणि भूमध्यसागराकाठचे राज्य ह्यांच्यात राजकीय स्वरूपाचा काही संबंध होता काय? आणि नसल्यास इतक्या दूरच्या दोन प्रदेशांमधील देवघेव शेदोनशे वर्षे कोणाच्या भरवशावर चालली?

वकिलातींच्या पुराव्यापासून सुरुवात करणे सोयीचे होईल. सम्राट ऑगस्टसने स्वतःच्या कारकिर्दीचा जो वृत्तान्त कोरवून ठेवला त्यात भारतातील राजांकडून वारंवार वकील येत असल्याचे म्हटले आहे. स्ट्रेबोने अशाच एका वकिलातीची हकीकत दिली आहे. चर्मपत्रावर ग्रीक भाषेत लिहिलेले पत्र घेऊन हे वकील अँटिऑक नगराजवळ पोहोचले. पत्र पोरस नावाच्या राजाचे होते. आणि त्या मंडळींबरोबर असलेल्या बार्गोसाच्या एका श्रमणाने पुढे अथेन्समध्ये अग्निप्रवेश केला. बार्गोसा म्हणजे भडोच, असे बहुतेक विद्वान मानतात. सिंहलद्वीपाहून सम्राट क्लॉडियसकडे वकील गेल्याचे प्लिनी सांगतो. ह्या सर्व उल्लेखांत पैठणच्या राजाचे नाव कोठेही नाही. उलट बाजूने, सातवाहनांच्या एकाही शिलालेखात रोमच्या राजाचा अथवा त्याच्या वकिलाचा निर्देश नाही. यवन मात्र भेटतात, आणि ते दाते म्हणून. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांची नावे आहेत. नाशिकच्या एका लेण्याचा कर्ता दत्तामित्रीचा इंद्राग्निदत्त स्वतःला योनक म्हणवितो. जुन्नरलाही असे लेख आहेत. ही माणसे कोणा सम्राटाची प्रतिनिधी म्हणून बोलत नाहीत. त्यांपैकी कितीजण समुद्रमार्गे आलेले आणि कितीजण उत्तरेकडून येऊन येथेच रुळलेले, हाही विवाद्य विषय आहे. इंद्राग्निदत्त तर स्वतःला उत्तरेकडचाच म्हणवितो.

म्हणजे वकिलातींच्या मार्गाने पैठणपासून रोमपर्यंत जाता येत नाही. बैलगाडीच्या मार्गाने मात्र निदान भडोचपर्यंत जाता येते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ईजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ह्या ग्रंथात दक्षिणापथाच्या अंतर्भागातील दोन पेठांचे नाव विशेषत्वाने घेतले आहे. पैठण भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आहे; तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीक जातीचे पट्टेदार खडे, तर तगरहून साधे कापड, तलम कापडाचे अनेक प्रकार आणि पूर्व किनाऱ्याकडून तेथे येणारा इतर माल, असे सर्व काही गाड्यांवर घालून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भडोचला नेले जाते, असे तो सांगतो. तगरच्या स्थाननिश्चितीचा वाद एके काळी मोठा होता. कोणी देवगिरी सुचविली होती, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर. फ्लीटने १९०१ मध्ये तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे दाखवून दिल्यावर, आणि पुढे तेरच्या टेकाडांतून सातवाहनकालीन वस्तूंचा अक्षरशः ढीग निघाल्यावर, तो वाद मिटला. तेर पैठणच्या थेट पूर्वेस नसून आग्नेयेस आहे, एवढा फरक ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्या खलाशाला माफ करण्याजोगा आहे. अकिकाविषयी तर शंकेचे कारणच नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत हे खडे तयार होतात आणि गोदावरीच्या खोऱ्यात ते विपुल मिळतात.

येथे भूगोल जाणणाऱ्या वाचकाला एक प्रश्न पडावयास हवा. पैठणहून समुद्र गाठावयाचा तर जुन्नर आणि नाणेघाट ह्या मार्गाने कल्याण जवळ पडते. वीस दिवसांत भडोच गाठणारी गाडी त्याच चालीने कल्याणच्या बाजूला बारा-चौदा दिवसांत पोहोचावी. मग सातवाहनांच्या राजधानीतील माल परक्या राजाच्या बंदरातून का जात होता? ‘पेरिप्लस’चा कर्ता भडोचच्या प्रदेशाचा राजा म्हणून ज्याचे नाव देतो तो क्षहरात क्षत्रप नहपान होय, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

ह्या प्रश्नाचे उत्तर त्याच ग्रंथाच्या पुढच्या परिच्छेदात, दोनच वाक्यांत आले आहे. थोरल्या सारगनाच्या, म्हणजे कोणा सातकर्णीच्या, काळी कल्याण हे विधिवत् चालणारे व्यापारी बंदर होते. परंतु ते संदनाच्या हाती गेल्यापासून तेथील व्यवहारात फार अडथळे येऊ लागले. चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जातात. हा संदन कोण, ह्यावर एकमत नाही. तो सुंदर सातकर्णी असावा आणि कल्याणची नाकेबंदी क्षत्रपांच्या आरमाराने केली असावी, असा एक पक्ष आहे; संदन हाच क्षत्रपांचा अंकित होता, असा दुसरा. प्रस्तुत प्रश्नापुरते दोन्ही पक्षांचे फलित एकच आहे. परदेशी जहाज कोणत्या बंदराला लागावे हे जहाजाच्या मालकाने ठरवावयाचे नाही, ते भडोचच्या राजाने ठरवावयाचे, अशी ही व्यवस्था होती.

ह्या उताऱ्यावर अति भार टाकू नये, असाही आक्षेप घेता येईल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. नाणेघाट ही पायऱ्यांची वाट आहे. तेथून लमाणी बैल उतरतील, गाडी उतरणार नाही. कापडाच्या गठ्ठ्यांना आणि दगडांना गाडी हवी असेल तर कन्नडच्या घाटाने खानदेशात उतरून तापीच्या खोऱ्यातून भडोच गाठणेच स्वाभाविक होते. शिवाय भडोचची पेठच मोठी होती. उज्जयिनीचा माल तेथेच येई. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. कल्याण पूर्वी चालते बंदर होते, ही साक्ष त्याच ग्रंथकाराची आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने अनेक आहेत. म्हणजे सह्याद्रीच्या वाटांनी माल उतरत होता आणि त्या बंदरावर धनिक लोक वसले होते. नाणेघाटातील दगडी रांजण हा जकातीचा रांजण म्हणून आज दाखविला जातो. तेथील नागनिकेच्या लेखात मात्र यज्ञांची आणि दक्षिणांची यादी आहे, जकातीची नाही. त्या रांजणाला साक्षीस बोलावण्याची आवश्यकताही नाही. घाटाच्या माथ्यावर राजकुळाच्या प्रतिमा आणि भला मोठा लेख कोरावयास राणी प्रवृत्त झाली, ह्यातच त्या वाटेचे मोल दिसते.

आता भडोचच्या राजाने ह्या व्यापाराची बडदास्त कशी ठेवली ते पाहू. नर्मदेचे मुख धोक्याचे. भरती-ओहोटीचा जोर विलक्षण. म्हणून राजाच्या नोकरीतील कोळी मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जात आणि आलेल्या जहाजांना वाट दाखवीत, प्रसंगी दोर लावून ओढीत, ठरलेल्या ठिकाणांवरून बंदरात आणीत. आयात मालात इटलीची मद्ये, तांबे, कथील, शिसे, पोवळे, कच्ची काच, सुगंधी डिंक आणि सोन्यारुप्याची रोमन नाणी येत. ही नाणी स्थानिक चलनात बदलताना नफा होई, असे ग्रंथकार आवर्जून नमूद करतो. राजासाठी निराळी यादी होती. किमती रुप्याची भांडी, गाणारे दास, अंतःपुरासाठी रूपवती कन्या, उंची मद्य, महाग वस्त्रे आणि उत्तमोत्तम उटणी. ह्या यादीकडे केवळ विलासाची यादी म्हणून पाहणे पुरेसे नाही. व्यापारी दरवर्षी जो नजराणा आणतो आणि राजा जो स्वीकारतो, त्यातून एक अलिखित करार सिद्ध होतो. वकील नाही, तह नाही. परंतु नजराण्याच्या बदल्यात वाटाड्या आणि संरक्षण आहे. रोमन सत्तेच्या बाजूने ह्या व्यवहाराचे मोल रोकड आकारले जाई. तांबड्या समुद्रातून येणाऱ्या मालावर ती एक-चतुर्थांश जकात घेत असे. मलबारातील मुझिरिसहून परतलेल्या ‘हर्मापोलोन’ ह्या जहाजाच्या मालाचा हिशेब असलेला दुसऱ्या शतकातील एक पपायरस व्हिएन्ना येथे आहे. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. जकात वजा जाता त्या एका जहाजातील मालाची किंमत सत्तर लाख सेस्टर्सच्या घरात भरते. भारताकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात, ही प्लिनीची तक्रार आपल्याकडे फार वेळा उद्धृत होते. तक्रार करणाऱ्याच्या राज्याला त्याच व्यापारातून चौथाई मिळत होती, ही गोष्ट सहसा तिच्या शेजारी मांडली जात नाही.

नहपानाचा जामात उषवदात ह्याचा नाशिकच्या लेण्यातील लेख धर्मदानाचा आहे, परंतु व्यापाराच्या अभ्यासकाने तो ओळ न् ओळ वाचावा. पारदा, दमण, तापी, डहाणू ह्यांसारख्या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेविल्या. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे धर्मशाळा बांधल्या. ही सर्व ठिकाणे नकाशावर जोडली की क्षहरातांच्या राज्यातील सार्थमार्गच डोळ्यांपुढे येतो. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे त्याने तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून दिले. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण, असे व्याज ठरले होते. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज दोनशे चाळीस होते, आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे असल्याने हिशेब बिनचूक जुळतो. एके ठिकाणी सत्तर हजार कार्षापणांचे दोन हजार सुवर्ण, म्हणजे एका सुवर्णास पस्तीस कार्षापण, असा दर नमूद आहे. सोन्यारुप्याचा भाव शिलालेखात कोरला जावा इतका तो रूढ होता, आणि नाणी बदलून नफा होतो ह्या खलाशाच्या विधानाशी हे सुसंगत आहे. मूळ मुद्दा श्रेणीच्या पतीचा आहे. राजाचा जावई आपला पैसा कोष्ट्यांकडे ठेवतो. राज्य जाईल, श्रेणी राहील, हा विश्वास त्यात गृहीत आहे; आणि घडलेही तसेच, कारण राज्य खरोखरच गेले.

त्याकडे वळण्यापूर्वी पैठणच्या बाजूचे व्यापारी पाहिले पाहिजेत. त्यांच्याविषयीचा उत्तम पुरावा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच, कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यांत आहे. खानदेशात उतरणाऱ्या वाटांच्या जवळच ही लेणी आहेत. येथील स्तंभांवर पैठणच्या गांधिक कुळातील मितदेवाचे आणि पैठणच्याच संघकाच्या पुत्रांचे दान कोरलेले आहे. राजवैद्य मगिल आणि त्याची मुले हेही दाते आहेत. मूर्तीवर आपले नाव कोरून ठेवणारा कण्हदास हा तर सोनार होता. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, वैद्य आणि सोनार ह्या तिघांच्याही व्यवसायांना दूरदेशीचा माल लागतो, आणि भडोचच्या आयातीत सुगंधी डिंक, मनशीळ व अंजन होतेच. परंतु येथे घाई करणे धोक्याचे आहे. पितळखोऱ्याचे हे लेख अक्षरवटिकेवरून इसवी सनापूर्वीचे ठरतात. ‘पेरिप्लस’हून ते निदान शतकभर जुने आहेत. तेव्हा मितदेव रोमन व्यापारावर श्रीमंत झाला असे म्हणता येणार नाही. म्हणता येते ते एवढेच की ग्रीक जहाजे मोठ्या संख्येने येऊ लागली त्यापूर्वीच पैठणचे व्यापारी भडोचच्या वाटेवर धनवंत होते. ही वाट रोमने घडविली नाही. तयार वाटेवर रोमचे गिऱ्हाईक येऊन मिळाले.

भोकरदनच्या उदाहरणावरूनही हेच दिसते. जालना जिल्ह्यातील हे प्राचीन भोगवर्धन. येथील दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर आहेत. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ साली डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते ह्यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. त्यात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती खंडित आहे; परंतु दोन्ही बाजूंस परिचारिका असलेली तिची घडण पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी इतकी जुळते की दोन्ही एकाच परंपरेतल्या कारागिरांच्या असाव्यात, असा तर्क मांडला गेला. तेरची हस्तिदंती मूर्तीही त्याच गोत्रातील. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेली, म्हणून त्या मूर्तीला कालमर्यादा मिळते. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे. म्हणजे ती वायव्येकडच्या हातांतूनही गेलेली असणार. भोकरदनचा कारागीर, मधला अनामिक व्यापारी आणि पाँपेईचा गृहस्थ ह्यांना एकमेकांची नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

रोमन वस्तूंच्या बाबतीत गेल्या काही दशकांत जी फेरतपासणी झाली तिचाही निर्देश करणे अगत्याचे आहे. ब्रह्मपुरी, कोल्हापूर येथील पोसायडनची कांस्यमूर्ती निःसंशय पश्चिमेकडची. परंतु व्हीलरच्या काळी भूमध्यसागरी मानली गेलेली चक्रांकित नक्षीची भांडी भारतातच घडत होती, हे आता मान्य झाले आहे. दारूचे रोमन कुंभ म्हणून आपल्या उत्खनन-वृत्तांतांत नोंदलेल्या तुकड्यांपैकी पुष्कळसे रॉबर्टा टॉम्बर ह्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा ते मेसोपोटेमियातील डांबराचा लेप दिलेले लांबट कुंभ निघाले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी जुने वृत्तांत वाचताना ‘रोमन’ हे विशेषण थोडे जपून घ्यावे. इराणच्या आखाताशी चालणारा व्यापार त्या एका शब्दाखाली झाकला गेला आहे.

आता युद्धाकडे. गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राज्यवर्ष अठरामध्ये विजयी सैन्याच्या छावणीतून नाशिकच्या भिक्षूंना जमीन दिली. ती जमीन तोवर उषवदाताच्या भोगवट्यात होती, असे आज्ञापत्र स्पष्टच म्हणते. कार्ल्यालाही उषवदाताने दिलेले गाव त्याने नव्याने दिले. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटविला होता. नहपानाचे नाव ग्रीक लिपीतही मिरविणारी ती नाणी वितळविण्यात आली नाहीत. ती चलनात हवी होती, म्हणून केवळ धनी बदलला. बाळश्रीच्या नाशिक येथील प्रशस्तीत गौतमीपुत्राच्या सत्तेखालील देशांच्या यादीत मूळक, म्हणजे पैठणचा प्रदेश, आणि अपरान्त, म्हणजे कोकण, हे दोन्ही येतात. क्षहरातांचा निर्वंश हा ह्या प्रशस्तीत कुलाभिमानाचा विषय आहे. माझ्या मते त्यामागे कल्याणचा प्रश्न होता. राजधानीचे खडे आणि तेरचे कापड शत्रूच्या बंदरातून जाणार, त्यावरचा नजराणा आणि जकात शत्रूच्या कोठारात पडणार, ही स्थिती कोणताही समर्थ राजा दीर्घकाळ चालू देणार नाही. नहपानाची लेखांतील वर्षे शकसंवताची मानून त्याला इ. स. १२४ पर्यंत ओढण्याची जुनी पद्धत होती. अलीकडे त्याला पहिल्या शतकात नेण्याकडे कल आहे. हा कल ग्राह्य धरल्यास कल्याणच्या कोंडीची तक्रार आणि गौतमीपुत्राची स्वारी ह्यांत फारसे अंतर उरत नाही, आणि वरील अनुमानास बळकटी येते.

सातवाहनांची खरी मुत्सद्देगिरी दिसते ती ह्यानंतर, आणि ती रोमशी नव्हे तर उज्जयिनीशी. क्षहरातांच्या जागी कार्दमक क्षत्रप आले. कान्हेरीच्या एका पाण्याच्या पोढीवरील खंडित लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातील, महाक्षत्रप ‘रु...’ ह्याची कन्या असल्याचे म्हटले आहे; हा रुद्रदामनच असावा. त्याच रुद्रदामनाने इ. स. १५० च्या सुमारास जुनागडच्या खडकावर लिहविले की दक्षिणापथपती सातकर्णीस आपण दोनदा जिंकले, परंतु नाते जवळचे म्हणून त्याचा उच्छेद केला नाही. हा लग्नसंबंध दोन राजकुळांचा खरा, पण ज्या लेखातून तो कळतो तो कल्याणच्या शेजारी, बंदराच्या वाटेवर कोरलेला आहे. ज्या किनाऱ्यासाठी एका पिढीने रक्त सांडले त्या किनाऱ्यापाशी पुढच्या पिढीने सोयरीक केली.

ह्याच काळात टॉलेमी अलेक्झांड्रियात बसून पैठण ही सिरो-पोलेमायसची, म्हणजे श्रीपुळुमावीची, राजधानी आणि उज्जयिनी ही तियास्तनाची, म्हणजे चष्टनाची, अशी नोंद करतो. वकील न पाठविताही राजाचे नाव समुद्रापार पोहोचले होते. ते नेणारे कोण, ह्याचे उत्तर एडनच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या सोकोत्रा बेटावर सापडले. तेथील होक गुहेत दोनशेहून अधिक भारतीय लेख मिळाले असून बहुतेक ब्राह्मी लिपीत आहेत. नाविकांनी नुसती आपली नावे लिहिली आहेत, आणि जेथे गावाचे नाव दिले आहे तेथे भडोच आढळते. तेथून पुढे तांबड्या समुद्रावरील बेरेनिके ह्या ईजिप्तच्या बंदरात बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. त्याच वेळी तेथे सापडलेल्या दुसऱ्या शतकातील दोन सातवाहन नाण्यांचीही नोंद झाली. सोने घेऊन येणाऱ्या बाजारपेठेत ह्या नाण्यांना मोल नव्हते. तेथे त्यांनी काही विकत घेता आले नसते. जुलैत ईजिप्तहून निघालेली जहाजे परतीच्या वाऱ्यावर हिवाळ्यात जात, त्यांपैकी एखाद्यावरून उतरलेल्या माणसाच्या कमरेच्या कशात ती राहून गेली असावीत.